साहेबांच्या भिंतीवरचं कॅलेंडर

मारुतीआप्पा साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेऊन गेले की साहेबांकडं बघत नसत, भिंतीकडं बघत. बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणत, "सर, यंदा हजेरीचं थंब मशीन."

निपाणीच्या आमच्या सरकारी कचेरीत आप्पा शिपाई, मी हेडक्लार्क. जानेवारीत साहेबांच्या भिंतीवर ज्या विक्रेत्याचं कॅलेंडर लागे, त्याचंच यंत्र मार्चअखेर खोक्यातून उतरे. हा शोध आप्पांचा. स्कॅनर, कॅमेरे, टोकन मशीन, एकही अंदाज चुकला नाही.

"अहो, जुनं चालतंय की अजून," मी म्हणे.

"चालतंय म्हणूनच बदलणार. मोडलंय त्याच्याकडं कोण बघतंय?"

दर जानेवारीत बेळगावला त्या साली येणाऱ्या यंत्रांची अंदाजे यादी जाई. कच्ची यादी आप्पांची, सही माझी. जिल्ह्याचे साहेब थक्क. "ह्यांग री, कसं काय एवढं बरोबर?" म्हणत त्यांनी मला शाल घातली. सरकारी खर्चाची दिशा कशी ओळखावी, यावर मी अर्धा तास बोललो. आप्पा मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. अंदाज त्यांचे होते, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

त्यांच्या यादीतली शेवटची ओळ मात्र दरवर्षी तीच: ऐकू न येणाऱ्यांसाठी खिडकीवर पडदा, बोललेलं अक्षरांत दाखवणारा.

"याचं कॅलेंडर कुठाय, आप्पा?"

"लागलं न्हाय अजून. लागंल, सर."

मी ती ओळ खोडायचो. माझा अंदाज चुकायला नको होता.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावी, गुंजीला गेलो. चहा घेऊन त्यांची बायको बाहेर आली. ही बाई मी पाहिली होती. एकदा दाखल्यासाठी आमच्या खिडकीशी उभी होती. तीनदा नाव पुकारलं तरी हलली नाही, म्हणून मी खेकसलो होतो, "कान फुटलेत काय? व्हा बाजूला!" आप्पांनी तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या होत्या. मला वाटलं होतं, काय भला माणूस, परक्या बाईला मदत करतोय.

त्यांच्या भिंतीवर हातानं काढलेलं एक कॅलेंडर होतं. वर चित्र: खिडकी, तिच्यावर अक्षरांचा पडदा, समोर पदर सावरत वाचणारी बाई.

"साहेबांच्या भिंतीवर लावायला केलतं," आप्पा म्हणाले. "पण लावलं न्हाय. यादी तुमच्या नावानं जायची. पडदा आला नसता, तर लोकांत तुमचं हसं झालं असतं की, सर."

बाराही महिने सुबक आखले होते. सालाची जागा कोरी होती.