सगळ्यात वरचा खण

"सकाळपासून कपाटच वाजतंय नुसतं. औषध मिळणार आहे का आज?" आनंदीबाई अंथरुणातून पुटपुटल्या.

बाजूच्याच खोलीत त्यांचे यजमान श्रीपती वैद्य पन्नास खणांच्या कपाटासमोर हताश उभे होते. या कपाटात औषधं शास्त्राच्या क्रमानं असत, जे ज्या कामाचं ते त्या खणात. सगळ्यात वर जीवनीय, आयुष्य धरून ठेवणारी. मग भुकेची, खोकल्याची, तापाची. पार खालच्या रांगेत वेदनास्थापन. रोग जाणार नाही, पण दुखू तरी नये. वैद्यांची नजर अधू झाली होती, हात मात्र चुकत नसे.

रविवारी सुनेनं, मनस्विनीनं, सासऱ्यांना मदत म्हणून सगळ्या पुड्या नावांप्रमाणे लावल्या. अ पासून ज्ञ पर्यंत. ती कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती.

सोमवारी जयगडच्या धाकूला खोकल्यासाठी सवयीच्या खणातली पुडी मिळाली. आज बुधवारी तो हजर.

"खोकला हाय तसाच, वैद्यबुवा. पन भूक अशी लागलीय, बायको म्हणते दवा सोडा नायतर मी माहेरी जाते."

मनस्विनी रडवेली झाली. "बाबा, पूर्वीसारखं लावून देते ना."

"कसं लावशील? कुठलं कुठे होतं ते माझ्या हाताला ठाऊक. मला विचारशील तर नाही सांगता यायचं."

आतून आनंदीबाई कण्हल्या. महिनाभर वैद्य त्यांच्यासाठी खालच्या रांगेशी बसून अशोकाची पुडी काढत आणि देताना म्हणत, "जीवनीयातलं आहे हो, शक्ती येईल." मनस्विनी ते ऐके आणि भांडी घासायला निघून जाई.

"अशोक दे," वैद्य हळूच म्हणाले.

"अशोक अ मध्ये, बाबा. सगळ्यात वर."

वैद्य स्टुलावर चढले. उघड्या दारातून आनंदीबाईंना ते दिसले.

"कुठलं काढताय?"

"वरच्या खणातलं!" वैद्य उत्साहानं ओरडले. महिनाभरात पहिल्यांदाच ते खरं बोलत होते.

आनंदीबाई हसल्या, मग धाप लागली म्हणून थांबल्या.

"वर मनस्विनीनं नेलंय ते. महिनाभर खाली बसताना तुमचा गुडघा वाजतोय, मला काय ऐकू येत नाही? चाळीस वर्षं पुड्या बांधल्यात मी तुमच्या. मी काही आता बरी व्हायची नाही. तुम्ही कुणी म्हणेना, म्हणून मीच म्हणते. आणि उतरा त्या स्टुलावरून, पडाल."