ताखियनदेवीला कबूल केलेला सिनेमा

सिनेमा भुताखेतांसाठी दाखवायचा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तो भुताखेतांवर असावा का, इथे लमायआत्याचं घोडं अडलं होतं.

नवस बाबांचा. लेकीला, दुअनफेनला, शाळेत नोकरी लागली तर कालव्याकाठच्या ताखियनच्या झाडातल्या देवीला सिनेमा दाखवीन, असं ते बोलून बसले होते. आणि तोही त्यांचा लाडका, चार गोष्टींचा, भुतांचा विनोदी सिनेमा. नोकरी लागली. सिनेमा 'यंदा नक्की' होत राहिला आणि एक दिवस बाबाच गेले. तेव्हापासून पंप जळला तरी दोष राहिलेल्या नवसाला, आत्याचा गुडघा दुखला तरी नवसालाच. आई मात्र काहीच म्हणत नव्हती. कशाबद्दलच काही म्हणत नव्हती. 'नवस फिटेपर्यंत दादा झाडापाशीच अडकणार बघ वहिनी,' असं आत्या बोलली आणि आई ताटावरून उठली, तेव्हा दुअनफेनने रजा टाकली आणि गाडीतून पडदा घेऊन गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या सवांगकाकांना बोलावून घेतलं.

आता झाडाला नवी वस्त्रं गुंडाळून झाली होती, देवीच्या लाल सरबताच्या बाटल्यांत नळ्या खोचून झाल्या होत्या. पुढे रिकाम्या खुर्च्यांची रांग होती. ती देवीची आणि तिच्या गोतावळ्याची. माणसांनी मागे चटईवर बसायचं.

"भुतांना भुतांचीच टिंगल दाखवणार?" आत्या कडाडली. "चौकीत जाऊन हवालदाराची नक्कल करशील का?"

"आत्या, बाबांनी हाच कबूल केलाय. नवस बोलला तस्सा फेडायचा, हे तूच सांगितलंस."

"मग नको ते वगळा. पहिल्या गोष्टीत काय आहे?"

"एक भूत माणसांना घाबरतं," सवांगकाका म्हणाले.

"अपमान! वगळा. दुसरी?"

"भिक्खू चीवर सावरत पळतात."

"पाप! तिसरी?"

काका चाचरले. "झाडातली बाई... स्वतःसाठी स्थळं बघते."

आत्याने झाडाकडे वळून हात जोडले. "चौथी तरी धड आहे?"

"चौथीत मुंडकं हरवतं. सगळे शोधतात."

"काढा."

"मग उरली नुसती कलाकारांची नावं!"

"नावं दाखवा. नावांत काही वाईट नसतं."

दुअनफेनने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी तोड निघाली: चित्र दाखवायचं, आवाज बंद. विनोद ऐकूच आला नाही तर देवी रागावणार कशावर?

दिवेलागणीला सिनेमा मुक्यानेच सुरू झाला. भूत पळालं, माणसं पळाली. चटईवर सगळे प्रेतयात्रेला आल्यासारखे गप्प. दुसऱ्या गोष्टीत भिक्खू पळत सुटले, आणि रिकाम्या खुर्च्यांतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "अरे, माझी चप्पल!" आणि खुदखुदून हसलं.

चटई क्षणात रिकामी. सवांगकाका गाडीखाली. गुडघ्यामुळे जिला विहाराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या ती आत्या भातखाचराच्या बांधावरून सगळ्यांच्या पुढे.

दुअनफेन इतकी वैतागली होती की घाबरायचंही तिच्यात त्राण नव्हतं. ती तरातरा पुढे गेली. मधल्या खुर्चीत आई बसली होती, हातात देवीची सरबताची बाटली.

"आई! ही देवीची रांग आहे!"

"सरक, मधे येऊ नकोस. आता म्हातारा भिक्खू बोलतो." आईने पुन्हा तो घोगरा आवाज काढला.

तो बाबांचा होता. भूत असो, भिक्खू असो, नवरी असो, बाबा सगळ्यांना तोच एक आवाज लावायचे. रोज जेवताना, हाच सिनेमा सांगत.

"सगळं पाठ आहे मला," आई म्हणाली. "नको नको करून सोडलं होतं तुझ्या बाबांनी." आणि ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

दुअनफेन गाडीपाशी जाऊन वाकली. "काका, बाहेर या. आणि आईला माइक द्या."

मुंडकं सापडेपर्यंत चटई पुन्हा भरली होती. सर्वांत शेवटी आत्या आली, लंगडत.

"फिटला एकदाचा नवस," सिनेमा संपल्यावर दुअनफेन म्हणाली. "सुटलो."

आत्या आपली चप्पल शोधत राहिली.

"आत्या?"

"पळताना तोंडातून निघून गेलं गं. देवी, जिवंत घरी पोचव, तुला सिनेमा दाखवते..."

"कुठला?"

"घाईत दुसरा आठवेना."

पडदा गुंडाळणारे काका थांबले. दुअनफेनने डोळे मिटून घेतले.

"पुढच्या पौर्णिमेला ठेवा," आई बसक्या आवाजात म्हणाली. "तोवर माझा घसा सुटेल."