फक्त आठवणीतून

ऑफिसात सकाळपासून एका नावावरून घोळ चालला होता. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रोग्रामरने एक नवी सोय लिहिली होती. अमुक फाईल कुठे आहे असं कुणी विचारलं, तर डिस्क धुंडाळत बसायचं नाही. वाट आठवत असेल तर लगेच सांगायची, नसेल तर सरळ हात वर करायचे. साहेबीणबाई म्हणत होत्या, नाव 'न थांबता' ठेवा. त्याला ती फुशारकी वाटत होती. त्याचं मन 'फक्त आठवणीतून'वर बसलं होतं. टेबलावर ऊन उतरलं होतं आणि तो त्या दोन शब्दांवर तरंगत होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अरे, मुलाखतीला येऊन बसलेय आणि पदवीचं प्रमाणपत्र घरीच राहिलं! ते नसेल तर मुख्याध्यापिकेची खुर्ची विसरायची. बाबांना सांग ना कुठे आहे ते."

या खुर्चीसाठी तिने किती वर्षं जिवाचं रान केलं होतं! त्याने घाईघाईने घरी असलेल्या सासऱ्यांना फोन लावला आणि डोळे मिटले. घर अलगद समोर उभं राहिलं. तो त्यात चालूही लागला.

"बाबा, झोपायच्या खोलीत शिरा. डावीकडे कपाट."

"डावीकडे खिडकी आहे, जावईबापू."

"छे हो, कपाटच आहे."

"कपाळ आपटलं म्हणून सांगतोय!"

गेल्या आठवड्यात घराला रंग दिला होता आणि सगळं सामान इकडचं तिकडे झालं होतं, हे याच्या गावीही नव्हतं.

"बरं, कपाट दिसेल तिथे उघडा. वरचा कप्पा, खाकी पाकीट."

सासरे स्टुलावर चढले. आधी उशा खाली आल्या, मग सूटकेस, मग स्टुलासकट सासरे.

"बाबा, लागलं का हो?"

"ते नंतर बघू. पाकीट मिळालं! उघडून बघू?"

"कशाला? मला पक्कं आठवतंय."

सासरे लंगडत टॅक्सीत बसले आणि हा पुन्हा मीटिंगमध्ये.

साहेबीणबाईंनी विचारलं, "आठवणीतून सांगाल हो, पण मधे कुणी फाईल हलवली असेल तर?"

"तसं कसं? वाट अजून तीच आहे ना, हे शेवटी तपासल्याशिवाय आपण उत्तरच..."  घरातल्या ताज्या रंगाचा वास त्याला आत्ता कुठे आठवला. त्याने बायकोला फोन लावला; तो बंद होता.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. "समितीपुढे पाकीट उघडलं, तर तुझ्या डोक्याचा एक्स-रे! सोबत डॉक्टरांचा शेरा, 'काहीही आढळले नाही.' अध्यक्षांनी मोठ्याने वाचला."

"मग?" त्याने विचारलं.

"हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. विसरभोळ्या मुलांना कसं सांभाळाल, हा प्रश्न त्यांनी गाळूनच टाकला. निवडलं मला! पण प्रमाणपत्र उद्या सकाळी हवंय. कुठे आहे?"

उत्तर त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि खुर्चीतून उठला.

"थांब, बघून सांगतो."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला जितकं भरून आलं, तितकं निवड झाल्याचं कळलं तेव्हासुद्धा आलं नव्हतं.