किसनभाऊंची मेक्सिकोतली प्रदक्षिणा

आमचे शेजारी किसनभाऊ एकदा आदिलाबादच्या स्टेशनवर इतक्या लवकर पोचले, की त्यांना आदल्या दिवशीचीच गाडी मिळाली. तिच्यात बसून ते मुदखेडला गेलेसुद्धा. ज्यांच्याकडे साखरपुडा होता त्यांनी अजून अंगणही सारवलेलं नव्हतं. किसनभाऊंनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि मांडवाचे बांबू धरायला उभे राहिले. ते परत आल्यावर मी हसलो, तर मलाच म्हणाले, "हासता काऊन, मास्तर? गाडी काय आपल्या मामाची हाय?"

गाडी मामाची नाही, हे त्यांचं आयुष्याचं सूत्र. मी आमच्या बेला गावच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे हे सूत्र मला दिवसातून चारदा ऐकू येई. कापूस विकायला न्यायचा तर बंडी आदल्या संध्याकाळीच जुंपलेली. हैदराबादची बस धरायला इचोड्याला जायचं, तर तिथल्या धाब्यावर त्यांचं सकाळचं जेवण आणि संध्याकाळचं जेवण, दोन्ही व्हायची. मारुतीला नमस्कार करायचा तोही सायकलवरून, एक पाय जमिनीला टेकवून. देवासाठी खाली उतरायला त्यांना वेळ नसे.

त्यांची बायको गिरजावयनी मात्र शांत. नवरा दारात "चाल, चाल" करत येरझाऱ्या घालतोय आणि ही बाई निवांत चुलीवरची राख सारखी करतेय, हे चित्र मी कित्येकदा पाहिलंय. "तुमी व्हा पुढं," ती म्हणे. "म्या गाडीसंगंच येतो."

यांचा एकुलता एक मुलगा संजू. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेऊन तो थेट परदेशी जहाजावर, प्रवाशांच्या स्वयंपाकघरात लागला. बेल्याचं पोरगं समुद्रावर कांदा चिरतंय, याचं आम्हाला कोण कौतुक! पण दोन दिवाळ्या आल्या नि गेल्या, संजू काही आला नाही. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कधीतरी त्याचा फोन आला. जहाजाची कंपनी नोकरांच्या आईबापांना एकदा फिरवून आणते, तुमचं दोघांचं ठरवलंय म्हणाला.

किसनभाऊ मुंबईच्या विमानतळावर किती आधी जाऊन बसले, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आल्यावर मात्र महिनाभर त्यांच्या ओट्यावर बैठक भरत होती. जहाज म्हणजे पाण्यावरचं आदिलाबाद, असं ते सांगायचे. पण खरा रंग चढायचा तो मेक्सिकोच्या गोष्टीला. तिथे जहाज एक दिवस किनाऱ्याला लागलं आणि प्रवाशांना बसमध्ये घालून माया नावाच्या जुन्या लोकांची दगडी देवळं पाहायला नेलं. पुढे हातात झेंडा धरून माहिती सांगणारी एक बाई. संजूच्या साहेबाने त्यालाही आईबापांबरोबर सोडलं. एरवी जहाजावर पोरगं पहाटेपासून रात्रीपर्यंत भट्टीपुढे उभं. आईबापांना दिसायचं ते जाता-येता, तेही घाईत. पंधरवड्याच्या प्रवासात तिघांना एकत्र मिळाला तो हा एवढा अर्धा दिवस.

"आन् काय सांगू, मास्तर," किसनभाऊ हात वर करून दाखवत, "पायऱ्या अशा उभ्या, का पाह्यता पाह्यता टोपी पडंन! देव आत कोन्ता, ते कोनाले ठाव नाय. झेंडेवाली बाई सांगून राह्यली इंग्रजीत. म्या मान हालवून राह्यलो मराठीत."

मग शेवटी बस निघायची वेळ झाली. झेंडेवाली बाई बोलवायला आली, आणि किसनभाऊंनी काय करावं? पायातल्या चपला काढल्या, बोटाने हवेत गोल काढून दाखवला आणि त्या देवळाला प्रदक्षिणा घालायला निघाले. एक झाली, दुसरी झाली, तिसरीही धरली. बस भोंगा वाजवतेय, गोरे लोक घड्याळं बघताहेत, आणि हे हात जोडून सावकाश चाललेत.

"देवळाले आलो आन् फेरी न मारता जाऊ? आपल्याकडची अशी रीत नाय," ते छाती काढून सांगत.

यावर ओटा हसून लोटपोट होई. मारुतीला सायकलवरून नमस्कार करणारा माणूस, आणि त्याने मेक्सिकोत बस थांबवून धरली! कोणी म्हणे, समुद्राने भाऊंना धर्म शिकवला. कोणी म्हणे, गोरे पाहून भाऊंना ऐट दाखवायची होती. मीही त्यात होतो. किसनभाऊ रागावत नसत. "हासा, हासा," म्हणत आणि उठून दुसऱ्या दिवशीच्या बसच्या तयारीला लागत.

पुढे एका दुपारी मी त्यांच्याकडे ताक मागायला गेलो. किसनभाऊ नव्हते. गिरजावयनी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी सहज म्हणालो, "वयनी, भाऊ त्या माया लोकांच्या देवाला भारीच पावले बुवा."

"कायचा देव, मास्तर!" त्या म्हणाल्या. "पोरगं झोपलं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. संजू आदली रात्रभर कामावर होता. देवळाच्या सावलीला बसला, 'आई, जराक्सा पडतो,' म्हणाला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकताच झोपी गेला. तिघं धड चार शब्दसुद्धा बोलले नाहीत. किसनभाऊंनी ना देऊळ पाहिलं ना पायऱ्या. मुलाच्या तोंडावर ऊन सरकेल तसे ते स्वतः सरकत, त्याच्यावर सावली धरून उभे राहिले. ती बाई बोलवायला आली, तेव्हा यांच्याजवळ ना इंग्रजी ना बहाणा. मग चपला काढल्या.

"दगड तव्यावानी तापले होते," वयनी म्हणाल्या. "पायाले फोड आले. पन फेऱ्या मारूनच राह्यले. बाई म्हने चला, तं हे बोट दाखवत, आनखी एक."

त्या माणसाला इतके दिवस हसलो, याचं फार वाईट वाटलं. तेवढ्याने तरी संजूला चांगली झोप मिळाली ना, असं मी विचारलं.

वयनींनी दाराकडे पाहिलं. किसनभाऊ अजून आले नव्हते.

"दुसऱ्या फेरीलेच भोंग्यानं जागा झाला होता तो," त्या हळूच म्हणाल्या. "उठून राह्यला होता. म्याच त्याच्या डोयांवर पदर टाकला. म्हनलं, पडून राय, बापू. तुया बाप आजलोक कोनासाठी थांबला नाय. थांबू दे त्याले."