नकाशावरचा आमचा बाजार

आमचं अफगाणी सन १३८२, म्हणजे बाहेरच्या जगाचं दोन हजार तीन. त्या वर्षी आमच्या खोऱ्यातली दोन गावं नकाशातून दोनदा पुसली गेली. लढाईने नाही, पुराने नाही. आमच्याच माणसांनी पुसली, आणि तीही निव्वळ तोंडाने!

मी बख्तावर, पायजूय गावच्या अरबाबाची बायको. अरबाब म्हणजे गावचा पाटील. आमच्या शेतांना पाणी देणाऱ्या पाटाच्या खालच्या टोकाला आम्ही, वरच्या टोकाला सरजूय, आणि तिथला अरबाब इवज हा माझा सख्खा भाऊ. त्याची बायको जेवर ही आमच्या ह्यांची, म्हणजे सफदरची, सख्खी बहीण. साटंलोटंच होतं आमचं. म्हाताऱ्यांनी विचार केला होता की अशी दुहेरी गाठ मारली म्हणजे दोन गावं कधी भांडणार नाहीत. प्रत्यक्षात भांडण लागलं की ते दोन्ही घरांत एकदमच लागायचं, एवढाच फरक.

भांडण पाटाच्या पाण्याचं. सलग काही वर्षं पाऊस नव्हता. वर इवज बांध घाली, खाली आमचे हे फोडत. मग दोघांनी बोलणंच टाकलं. निरोप असले तर मी आणि जेवर पोचवायचो, आणि पोचवता पोचवता त्यातल्या शिव्या गाळायचो.

अशा उन्हाळ्यात इंजिनियर हुमायून आमच्याकडे आला. काबूलचा पोरगेलासा माणूस. नाकाची सालं निघालेली, गळ्यात एक डबी. ती डबी आभाळाला विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगायची. मदतवाल्यांना डोंगरातली गावं नकाशावर आणायची होती, कारण बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत तिथे गहू पोचवायचा होता. नकाशावर लाल ठिपका पडला की गहू येणार. ठिपका नाही, तर गहू नाही.

ठिपक्याची आम्हाला किती गरज होती ते मलाच ठाऊक. कणगीतलं पीठ निम्म्या हिवाळ्यापर्यंतसुद्धा पुरणार नव्हतं. सुनेला नुकती जुळी झाली होती आणि तिच्या अंगावर दोघांपुरतं दूध नव्हतं.

हुमायून मात्र मला मावशी मानून मोठ्या ऐटीत म्हणाला, "खालाजान, काळजी सोडा. माझ्या नकाशातून कबुतराचं खुराडंसुद्धा सुटायचं नाही."

त्याचा एक नियम होता. आधीच्या वर्षी कुठल्याशा खोऱ्यात लोकांनी आपल्या आयलाकातल्या झोपड्याही गाव म्हणून दाखवल्या होत्या. आयलाक म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन जायची वरची कुरणं. तिथे हिवाळ्यात कोण राहणार? गहू तिकडे गेला आणि कोल्ह्यांनी खाल्ला. तेव्हापासून नियम असा, की एखाद्या ठिकाणी माणसं हिवाळ्यात राहतात की नाही, याची साक्ष त्या गावाने द्यायची नाही. ती शेजारच्या गावाने द्यायची.

नियम शहाणपणाचा होता. फक्त तो करणाऱ्याने आमच्या ह्यांना आणि माझ्या भावाला पाहिलेलं नव्हतं.

दस्तरखान अंथरून, त्या कापडाभोवती बसून जेवताना हुमायूनने वरच्या बाजूला बोट केलं आणि विचारलं, ती घरं दिसतात ते कुठलं गाव?

"गाव कसलं?" हे म्हणाले. "आयलाक आहे ते. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येतात. बर्फ पडलं की तिथे कुत्रंसुद्धा राहत नाही."

मी चहा ओतत होते, तो पेल्याऐवजी भाकरीवर ओतला. माझी आई त्या 'आयलाका'त सारे हिवाळे काढून तिथेच पुरली गेली होती! पाहुण्यासमोर नवऱ्याला खोटं पाडणं आमच्यात होत नाही, म्हणून मी पेला आपटला, खोकले, डोळे मोठे केले. हुमायूनने विचारलं, खालाजानना बरं नाही का?

सकाळी ह्यांना धारेवर धरलं तर म्हणतात, "जिरवली की नाही त्याची? त्याच्या वाटचा गहूही आता आपल्यालाच."

तोवर हुमायून सरजूयला पोचलाही होता. तिथे काय झालं ते जेवरने मला नंतर सांगितलं. माणसं कुरणावर गेलेली, निम्म्या दारांना कड्या. इवजने त्याला लोणी आणि खरपूस नान खाऊ घातला आणि हुमायूनने खाली बोट करून विचारताच म्हणाला, ते होय? तो आमच्या गुराख्यांचा तळ. हुमायून म्हणाला, अहो, मी काल तिथेच झोपलो, तिथे चूल आहे, तान्ही मुलं आहेत. इवज म्हणाला, "मुलं काय, ती तर आयलाकातही होतात. हिवाळ्यात येऊन बघ, चूल सापडली तर माझी मिशी काप." आता हिवाळ्यात कोण कशाला येतंय मिशी कापायला?

बटाटे काढायच्या सुमारास हे जिल्ह्याच्या ठाण्याला गेले. तिथे मदतवाल्यांच्या कचेरीच्या भिंतीवर तयार नकाशा टांगला होता. ह्यांनी आधी सरजूय शोधलं. ठिपका नव्हताच. हिरव्या रंगात एक इवलासा तंबू काढलेला. हे तिथेच मांडी थोपटून हसले. शेजारच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून तो तंबू दाखवला. मग बोट पाटावरून खाली सरकवत सरकवत आणलं, आणि तिथेही तंबू!

त्याच दिवशी इवजही नकाशा पाहून आला होता. दोघं एकाच रस्त्याने परतले. एक नदीच्या या काठाने, दुसरा त्या काठाने, दोघांच्या गाढवांचीसुद्धा मान खाली. घरी येऊन ह्यांनी टोपी काढली, जुळ्यांकडे पाहिलं, आणि न जेवता आडवे झाले. लग्नानंतर ह्यांना न जेवता झोपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाणचक्कीवर जेवर भेटली. तिच्या पिशवीत दळायला मूठभर बार्ली, माझ्या पिशवीतही तेवढीच. ती म्हणाली, "वहिनी, तुझ्या नवऱ्याने मला धनगरीण केली."

"आणि तुझ्याने मला," मी म्हटलं.

आम्ही दोघी आधी हसलो आणि मग रडलो, आणि मग कामाला लागलो. आमच्यात बहीण भावाच्या दारी येऊन बसली आणि चहाला शिवली नाही, तर भावाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी इवजकडे जाऊन बसले, जेवर आमच्याकडे ह्यांच्यापुढे बसली. इवजने एकामागून एक पेले पुढे सारले, मलई घातली, वेलदोडा घातला. मी भिंतीकडे बघत राहिले. शेवटी वरच्या आळीतल्या बायका दारात जमून कुजबुजायला लागल्या, तेव्हा त्याने हात टेकले. जेवरने तर आमच्या ह्यांना त्याहून लवकर नमवलं. ती नुसती बसली नाही. दोन्ही जुळी मांडीवर घेऊन बसली.

ठरलं. दोघांनी ठाण्यावर जायचं आणि एकमेकांची साक्ष द्यायची. जेवर आणि मी सोबत गेलो. या दोघांना एकटं सोडण्यात अर्थ नव्हता.

आता सरळ सांगायचं होतं, की होय, ते गाव आहे, तिथे माणसं हिवाळ्यात राहतात. एवढंच. पण दोन अरबाब समोरासमोर, वर कचेरीतली माणसं ऐकतायत! मोठेपणा कमी कोणी दाखवायचा? इवजने सुरुवात केली. म्हणाला, पायजूय हे फार सुंदर गाव. ह्यांना ते झोंबलं. हे म्हणाले, सरजूयपुढे आमचं काहीच नाही, तिथली मशीद बघा. इवज म्हणाला, पण पायजूयची वस्ती दाट. हे म्हणाले, सरजूयला तर नान भाजणाऱ्या नानवाईचं दुकान आहे. मी ह्यांचा चिमटा काढला. उशीर झाला होता.

"दुकान?" इवज म्हणाला. "पायजूयला अख्खा बाजार आहे."

"आणि तो भरतो सरजूयच्या मालावर," हे म्हणाले.

दोघांनी अनेक वर्षांनी एकमेकांना मिठी मारली. कचेरीतल्या माणसांचे डोळे पाणावले. हुमायून खाली मान घालून भराभर लिहीत होता. आम्ही आनंदाने घरी आलो.

आठवड्याने कचेरीचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. शुक्रवारी मोठ्या कचेरीच्या रईसा, म्हणजे मुख्य साहेब, सिमीन स्वतः येतायत, तुमच्या बाजाराचा काय तो सोक्षमोक्ष लावणार, असं सांगून तो चहासुद्धा न घेता गेला.

दोन्ही गावांत हाहाकार! बाजार नाही असं दिसलं तर अरबाब खोटारडे ठरणार, साक्ष खोटी ठरणार आणि पुन्हा तंबू. आमचे हे म्हणाले, "मग बाजार करू." इवज म्हणाला, "करू." पाण्यावरून ज्यांचं एकमत कधी झालं नाही त्यांचं यावर लगेच झालं.

शुक्रवारी दोन्ही गावांच्या मधल्या माळावर बाजार उभा राहिला. माझ्या लग्नातली तांब्याची भांडी, जेवरच्या हातचे गिलीम, म्हणजे लोकरीच्या सतरंज्या, कुणाची लोकर, कुणाच्या कुरूतच्या माळा, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. एकाने तर घराचं दारच काढून विकायला मांडलं. न्हाव्याने दगडावर खुर्ची ठेवली. मध्यभागी आमचे हे पिठाचे व्यापारी झाले. पोती पेंढ्याने फुगवलेली, वर घरातल्या पिठाचा हातभर थर.

जीप आली. रईसा सिमीन उतरल्या. सडसडीत बाई, पायात डोंगर चढायचे बूट, बोलणं कमी. त्यांनी पिठाची रास बघितली आणि कपाळावर आठी घातली. हुमायून हळूच माझ्या बाजूला आला. त्याचा चेहरा पिठाहून पांढरा.

"खालाजान, हे काय केलंत? बाजार असलेल्या गावाला गहू देत नाहीत. तिथे विकत मिळतो असं धरतात. म्हणून तर तुमचा ठिपका अडलाय!"

आम्ही दुसऱ्यांदा पुसले गेलो होतो, आणि या वेळी तर मी माझी भांडी घासून लखलखीत करून मांडली होती.

तेवढ्यात रईसांनी पाकीट काढलं. ह्यांना म्हणाल्या, थोडं पीठ द्या, काय भाव?

"भाव?" हे गोंधळले. आमच्या भागात पाहुण्याला भाव सांगण्यापेक्षा माणूस जीभ चावेल. "बहीण, तुम्ही पाहुण्या. घेऊन जा."

रईसा म्हणाल्या, नाही, मला विकत हवंय. हे म्हणाले, मग दुप्पट घेऊन जा. हे ऐकल्यावर इवज मागे कसा राहील? त्याने गिलीम गुंडाळून जीपमध्ये टाकला. मग सगळेच सुटले. कुरूत, लोकर, माझी सर्वांत मोठी किटली, सगळं जीपमध्ये. रईसा दर विचारत पुढे सरकत होत्या आणि मागे जीप भरत होती. दरवाजावाला दार टपावर बांधायला लागला. न्हाव्याने ड्रायव्हरला खुर्चीत दाबून बसवलं आणि फुकट दाढीला साबण लावला.

रईसा थांबल्या. बांधावर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

"हुमायून, लिहा," त्या म्हणाल्या. "बाजार नाही."

मग त्यांनी आम्हा बायकांकडे बघितलं आणि मलाच विचारलं, हिवाळ्यात इथे कोण कोण राहतं?

मी म्हटलं, "वरचे सगळे, खालचे सगळे. जायला दुसरीकडे आहे कुठे?"

"आणि पीठ?"

"त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला, बहीण."

त्यांनी बाही वर केली आणि हात घातला. पेंढ्याची मूठ बाहेर आली. ती त्यांनी थोडा वेळ हातात धरली. हसल्या नाहीत. दोन्ही अरबाबांकडे एकेकदा पाहिलं. ते दोघे एकमेकांच्या पाठीमागे लपायला बघत होते.

गव्हाच्या गाड्या खिंडीतून उतरल्या तेव्हा वर पहिलं बर्फ धरलं होतं. शेवटच्या गाडीमागे खिंड मिटली. पोती उतरवताना आमचे हे आणि इवज एकाच पोत्याची दोन टोकं धरून चालत होते, आणि जड बाजू तुझ्याकडे की माझ्याकडे यावरून वाद घालत होते. मी कणगीचं झाकण लावायला गेले, ते लागेना इतकी ती भरली होती, आणि तिच्यावरच डोकं टेकून बसून राहिले.

आमचे हे सहा वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. इवज मुलाकडे ऑस्ट्रेलियात आहे. तिथे नळाला पाणी येतं, त्यामुळे भांडायला कोणी नाही, असं फोनवर कुरकुरतो. जेवर त्याच्याबरोबर गेली नाही. ती माझ्याकडे राहते आणि अजून माझ्या मलईच्या खाऱ्या चहात मीठ कमी असल्याचं सांगते. जुळ्यांना मिसरूड फुटली. हुमायून मझार शहरात मुलांना नकाशे काढायला शिकवतो. रईसा सिमीन पुढे देश सोडून गेल्या. जर्मनीत आहेत म्हणतात. जिथे असतील तिथे सुखी असोत. आमच्या सगळ्या वस्तू त्यांनी गव्हाच्या गाड्यांतून परत पाठवल्या होत्या, दारासकट.

आणि तो बाजार. आमच्याकडे बाजार भरतो ही बातमी शेजारच्या खोऱ्यात पोचली आणि पुढच्या शुक्रवारी तिकडचे लोक शेळ्या घेऊन आले. त्यांना भाव विचारायला लाज वाटत नव्हती. हळूहळू आम्हीही शिकलो. काही वर्षांत माळावर खरीखुरी दुकानं उभी राहिली, आणि पुढच्या मोजणीला आलेल्या पोराने बाजार पाहून आमचा ठिपका रीतसर कापून टाकला. त्या दिवशी मी आणि जेवर तिथेच होतो. पिठाच्या दुकानात भावावरून घासाघीस करत होतो, म्हणून मान वर करून बघायला सवड झाली नाही.