भूक कशी आहे, भाऊ?

शकूमावशी कोणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ‘भूक कशी आहे, भाऊ?’ हाच त्यांचा नमस्कार, आणि तोही फक्त पुरुषांना.

राजपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहतात. नऊ वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरमुळे त्यांचं अर्ध्याहून जास्त जठर काढलं. तेव्हापासून त्या दिवसातून आठ वेळा चिमणीएवढं खातात. तरी एकही लग्न चुकवत नाहीत. कोणी मावा जिलेबी अर्धी टाकली, की मावशी समोर उभ्या. ‘कधीपासून जेवण जात नाही? ढेकर येतात? वजन उतरलं?’ एकदा नवरदेवाचे मामा पंगतीत नुसती केळी खात होते. मावशींनी त्यांना हाताला धरून उठवलं.

‘अहो बाई, माझी चतुर्थी आहे!’

‘मग उद्या जेवून दाखवा.’

दुसऱ्या दिवशी त्या खरंच मामांसमोर जाऊन बसल्या.

गल्लीतले पुरुष त्यांना ‘जाँचवाली’, म्हणजे तपासणीवाली, म्हणतात आणि दिसल्या की वाट बदलतात. पण सात जणांना त्यांनी पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीला नेलंच. एकाचा आजार वेळेत सापडला. तो आज पुन्हा रिक्षा चालवतो.

मावशींचे यजमान पेपर मिलमध्ये होते. मावशींनंतर दोन वर्षांनी त्यांना तोच आजार निघाला आणि ते सात महिन्यांत गेले. लोक म्हणाले, बाईचा जीव चिवट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मावशींनी मला विचारलं, ‘तू शिकते, सांग. असं काहून?’

मी घाबरत कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, या आजारात बायका बऱ्याचदा थोड्या जास्त जगतात असं दिसतं. पण का, ते डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. शरीर वेगळं असतं, पुरुषांची तंबाखू असते, ते तपासायला उशिरा येतात. मला समजलं तेवढं मी मावशींना सांगितलं.

या हिवाळ्यात माझे पप्पा रोज ॲसिडिटीची गोळी खाऊ लागले. जेवण निम्म्यावर आलं. आईने मावशींना सांगून टाकलं.

‘मावशी, केळीचे ट्रक भरतो मी. मला काय धाड भरली?’

‘ट्रकला पोट नसतं. चाला.’

दवाखान्यात पप्पा तपासणीला आत गेले. बाहेरच्या बाकावर मावशींनी माझा हात घट्ट धरला.

‘मी नुसतं पोट दुखतं म्हटलं, तर ह्यांनी मिलमध्ये सुट्टी टाकली न् दुसऱ्याच दिवशी मला इंदौरला नेलं. स्वतःचं दुखलं तर खिशात गोळ्या घालून ड्युटीला जायचे. डब्यातल्या पोळ्या रस्त्यात गायीला घालायचे. मला डबा रिकामा दिसायचा, म्हणून मी खूश.’



पप्पा बाहेर आले ते हसतच. ‘नुसती सूज आहे म्हणे! मावशी, उगाच उपाशी ठेवलं मला.’

एरवी मावशींनी त्यांना चांगलं झापलं असतं. आज म्हणाल्या, ‘घरी ने गं यांना.’

दारापाशी जाऊन मी वळून पाहिलं. त्या बाकावरच बसल्या होत्या.

‘मावशी, चला ना.’

‘येते,’ त्या बंद दाराकडे पाहत म्हणाल्या. ‘ह्यांचंही दहा मिनिटांचं तर काम होतं गं.’