जिन्यावरची बाई आणि घंटागाडी

"बिनठिपक्याचा दे!" मडिवाळप्पा न्हाणीघरातून ओरडले. डोक्यावर साबण, डोळे घट्ट मिटलेले, आणि दारात घंटागाडीचा ड्रायव्हर वैजनाथ गाडी चालूच ठेवून उभा.

दानम्मांनी टेबलावर पाहिलं. पेन-ड्राइव्ह दोन होते. दोन्ही हिरवे, दोन्ही औशातल्या एकाच बियाणे मेळाव्यात फुकट मिळालेले. एकावर मडिवाळप्पांनी नातीच्या नेलपॉलिशनं लाल ठिपका दिला होता, म्हणजे घोटाळा नको. पण परवाच खंडेनवमी झाली होती. दानम्मांनी पक्कड, पाना, शिलाई मशीन, मिक्सर आणि हे दोन पेन-ड्राइव्ह अशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती आणि एकेकाला कुंकवाचं भरघोस बोट लावलं होतं. आता दोन्हीवर लाल ठिपका होता आणि नेलपॉलिश कुंकवाखाली गडप झालं होतं.

"काकू, लौकर द्या की. बिनगाण्याची गाडी फिरवली तर मॅडम माझी हजामत करतेत."

"ह्ये घे," म्हणत दानम्मांनी हाताशी आला तो दिला. "देवाचं नाव घिऊन लाव."

एका पेन-ड्राइव्हवर ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं सांगणारं नेहमीचं गाणं होतं. वैजनाथचा जुना पेन-ड्राइव्ह पाण्यात पडून मेला, म्हणून मडिवाळप्पांनी ते भरून ठेवलं होतं. दुसऱ्यावर काय होतं, ते सांगायचं तर बेचाळीस वर्षं मागं जावं लागेल.

मडिवाळप्पा तेव्हा लातूरच्या एका टॉकीजात ऑपरेटर होते. एकदा पिक्चरच्या पेटीत चुकून भलत्याच सिनेमाचं एक रीळ आलं. इटलीचा भुताटकीचा सिनेमा होता. सकाळच्या रिकाम्या टॉकीजात त्यांनी ते लावून पाहिलं. मोठं घर. जिन्याच्या वर पिवळ्या कोटातली बाई. खाली अंधारात काळे हातमोजे घातलेला एक माणूस. आणि पाठीमागं संगीत! आधी बारीक घंट्या, मग एका बाईचं अंगाईसारखं 'ला ला ला', मग कोणाचा तरी श्वास, आणि शेवटी चर्चमधल्या बाजासोबत चाळीसेक गळे कुजबुजतायत. बाईनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि रीळ संपलं. दुसऱ्या दिवशी पेटी परत गेली.

ती बाई खाली आली का नाही? या एका प्रश्नानं माणसाचं वाटोळं केलं म्हणा, नाहीतर सोनं केलं म्हणा. टॉकीज बंद पडलं, गोदाम झालं, मडिवाळप्पा औशाला येऊन अॅम्प्लिफायर दुरुस्त करू लागले, पण इटली, स्पेन, जर्मनी, जिथलं म्हणून जुनं भूत मिळेल ते त्यांनी गोळा केलं. त्यांचं म्हणणं असं, की या सिनेमांतली भुतं कागदाची असतात, रक्त टोमॅटोचं असतं, पण संगीत ऐकून खरंखुरं अंगावर काटा येतो. गेल्या महिन्यात पुण्याच्या नातीनं, सृष्टीनं, तो सिनेमा अख्खा शोधून दिला आणि त्यातलं जिन्याचं संगीत वेगळं काढून ठिपक्याच्या पेन-ड्राइव्हवर भरून दिलं. तरी मडिवाळप्पांनी सिनेमा पाहिला नव्हता.

"सिनेमा एकट्यानं बघायचा नसतो," ते म्हणायचे. "भ्यायला शेजारी मानूस लागतंय."

दिवाळीआधीच्या रविवारी दुपारी चार वाजता त्यांनी कॉलनीचा हॉल ठरवला होता. मागच्या साली असाच एक सिनेमा लावला तर चौघं आले. एक पंख्याखाली झोपला, दोघं मध्यंतरात गेले आणि चौथा हॉलची किल्ली घ्यायला आला होता. या खेपेला माणसं आली पाहिजेत आणि शेवटपर्यंत बसली पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. दानम्मांना विचारण्यात अर्थ नव्हता. "शिवा शिवा! पैसं देऊन कुनी भीत असतंय का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि सिनेमा फुकट असतो हे सांगूनही ते बदलत नव्हतं.

तर त्या सकाळी घंटागाडी कॉलनीत शिरली आणि स्पीकरमधून बारीक घंट्या वाजल्या. इथवर ठीक होतं. मग 'ला ला ला' सुरू झालं. मग श्वास. पटापट दारं लागली. निवृत्त तलाठी दूध घेऊन येत होते, ते पिशवीसकट परत डेअरीत शिरले.

दुसऱ्या दिवशी दारं किलकिली झाली. तिसऱ्या दिवशी बाया फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"वैजनाथ, ही बाई कामून रडून राहिली?"

"रडती कुठं? गाती."

"मग कुनाच्या मागं लागलीय?"

"मला काय म्हाईत, ताई? मी गाडी चालवून राहिलो. कचरा टाका."

बाहेर आलोच आहोत तर बादलीही आणावी, असं एकेकीला वाटू लागलं. पाचव्या दिवशी गाडी कॉलनीतच भरली. पूर्वी ओला-सुका ओरडून घसा बसायचा तरी लोक रिकाम्या प्लॉटवर पिशव्या भिरकवायचे. आता घंटी वाजली की सगळी कॉलनी बादली घेऊन रस्त्यावर, माना वाकड्या करून ऐकत उभी. कचरा देत नव्हत्या फक्त दानम्मा. ओलं सगळं त्या झाडांच्या खड्ड्यात घालायच्या आणि सुकं भंगारवाल्याला. घंटागाडी वाजली तरी त्यांची पोळी तव्यावरून हलत नसे.

तलाठ्यांनी तक्रार केली, तेव्हा स्वच्छतेच्या पर्यवेक्षक महामाया मॅडम स्वतः आल्या. मडिवाळप्पा हात जोडून पुढं झाले.

"मॅडम, चूक माझ्या घरची हाय. बरोबरचं गाणं आत्ता देतो."

मॅडमनी गाडीत डोकावून पाहिलं. काठोकाठ भरलेली, तीही ओलं-सुकं वेगळं करून.

"अप्पा, खबरदार बदललं तर," मॅडम म्हणाल्या. "पन मला एक सांगा, त्या बाईचं पुढं काय होतं?"

मडिवाळप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. बेचाळीस वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

"ऐतवारी चारला हॉलवर या. समदे या!"

रविवारी हॉल गच्च भरला. ऐंशी माणसं! सतरंज्या कमी पडल्या. तलाठी पहिल्या रांगेत होते. वैजनाथ गाडी बाहेर उभी करून आला होता, कारण दिवाळीच्या साफसफाईमुळं मॅडमनी त्या दिवशी दुपारनंतर एक जादा फेरी लावली होती आणि ती सिनेमा संपल्यावर करायची होती. घरोघरी फुटक्या कुंड्या, फाटक्या गाद्या, जुन्या पायपुसण्यांचे ढीग दाराशी तयार होते. दानम्माही आल्या, पण फक्त नवऱ्याच्या चहाचा थर्मास द्यायला. जागा नव्हती म्हणून सिनेमाच्या मशीनजवळच्या स्टुलावर टेकल्या.

आणि काय सांगावं, लोक बसले! भाषा कळत नव्हती, खालच्या इंग्रजी ओळी कोणी वाचत नव्हतं, पण चर्चमध्ये बाजा वाजवणारा आंधळा मेला तेव्हा अख्ख्या हॉलनं एकदम चुकचुक केली. मडिवाळप्पा पडद्याकडं कमी आणि माणसांकडं जास्त बघत होते. मग ते मोठं घर आलं. पिवळा कोट आला. काळे हातमोजे आले. मडिवाळप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

मोठ्या स्पीकरमधून बारीक घंट्या वाजल्या.

'ला ला ला...'

वैजनाथ ताडकन उठला. "आरं, माझी गाडी कोन घिऊन चाललं!" तो दाराकडं पळाला.

ड्रायव्हरच पळाला म्हटल्यावर कोण थांबतंय? "गाडी आली, गाडी आली!" "आगं, गादी दारातच हाय!" "दिवाळीपर्यंत परत येनार न्हाई बगा!" चपलांची अदलाबदल झाली, एक सतरंजी कोणाच्या तरी पायात गुंडाळून फाटकापर्यंत गेली. महामाया मॅडमही, जादा फेरीवर लक्ष ठेवायचं म्हणून, पदर खोचून धावल्या. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. पडद्यावर बाईनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं होतं.

मडिवाळप्पांना रडावं का हसावं कळेना. सिनेमा थांबवायला त्यांनी बटणाकडं हात नेला. तो हात दानम्मांनी मनगटात पकडला.

"गुमान बसा," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "बेचाळीस साल माझं डोकं खाल्लं. ती खाली येती का न्हाई, तेवढं बगू द्या."

बाई दुसऱ्या पायरीवर आली. तिसऱ्या. दानम्मांची बोटं त्यांच्या मनगटात रुतत गेली. सातव्या पायरीवर बाई थांबली तेव्हा दानम्मा भिऊन नवऱ्याला अशा बिलगल्या, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तेवढ्या जवळ उभ्या नव्हत्या. मडिवाळप्पा बरेच भ्याले होते आणि फार सुखात होते.

संगीत थांबलं, सिनेमा संपला.

"त्यो हातमोजेवाला म्हंजे घरचा सोयपाकीच हाय, हे मला पहिल्यापासून वाटत होतं," दानम्मा म्हणाल्या. "घरात कुनी हातमोजे घालतंय का? परत लावा. त्या आंधळ्याचं मला समजलं न्हाई."

इतक्यात दारात रिकाम्या बादल्यांचा खडखडाट झाला. घामेजलेली कॉलनी परत आली होती. सगळ्यात पुढं वैजनाथ, त्याच्या मागं तलाठी आणि मॅडम.

"गाडी हाय तिथंच होती," वैजनाथ धापा टाकत म्हणाला. "बसल्या जागी भरून निगाली. अप्पा, ती बाई आली का खाली?"

मडिवाळप्पांनी सांगायला तोंड उघडलं. दानम्मांनी स्टुलावरून उठून ते हातानं बंद केलं.

"पुढच्या ऐतवारी या," त्या म्हणाल्या. "आन आधी कचरा टाकून या."